वीराने कोसळावे का?

सप्तशृंगगडाबद्दल आमच्या वणीत पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जाते. लंकेच्या रणात लक्ष्मण शक्ती लागून पडला, हनुमान औषधीसाठी द्रोणागिरीच उचलून निघाला आणि वाटेत त्या पर्वताचा एक तुकडा इथे पडला. तोच हा गड. चैत्रात पायी येणारा खानदेशातला भाविक असो की दिंडोरी-कळवणचा शेतकरी, ही कथा त्याला माहीत असते. हनुमान निघाला कशामुळे, हा आधीचा भाग मात्र आपण घाईने उरकतो. त्या वेळी राम कोसळला होता.

वाल्मीकींनी युद्धकांडात हा प्रसंग फार बारकाईने रचला आहे. रावणाची शक्ती लक्ष्मणाच्या छातीत रुतते तेव्हा राम लगेच रडत बसत नाही. ही विषादाची वेळ नव्हे, असे तो मनाला बजावतो. ती शक्ती स्वतःच्या हातांनी उपसून मोडून टाकतो, लक्ष्मणाला हनुमान आणि सुग्रीवाच्या हवाली करतो आणि रावणावर असा तुटून पडतो की रावणाला रण सोडावे लागते. समोरचा शत्रू हटल्यावर तो भावाकडे वळतो आणि तिथे त्याचा बांध फुटतो. तो वैद्य सुषेणापुढे बोलू लागतो. आपले शौर्यच लाजल्यासारखे झाले आहे, धनुष्य हातातून गळून पडते आहे, आसवांनी काही दिसेनासे झाले आहे. असा भाऊ गेला तर आता राज्य कशाला आणि जगणे तरी कशाला? मग सुषेण हनुमानाला पर्वताकडे पाठवतो.

हे वाचून वाल्मीकींनी रामाचे पात्र बिघडवले असे कोणी म्हणत नाही. पण हाच राम आज पहिल्यांदा पडद्यावर आला असता, तर चित्रपटगृहातून बाहेर पडताना काय ऐकू आले असते याची कल्पना करून पाहावी. राज्य सोडताना ज्याचा चेहरा उतरला नाही, तो असा गळून जाईल? धनुष्य हातातून सुटणारा हा कसला राम? कॅरेक्टरच घालवले! गेली काही वर्षे ही तक्रार जगभरच्या सुपरहिरोंबद्दल पुन्हा पुन्हा होते आहे. ज्याला आपण अढळ म्हणून ओळखतो, तो पडद्यावर मोडून पडला की प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते. ही तक्रार प्रेमापोटी येते, म्हणून ती झटकून टाकता येत नाही. ज्याच्यावर जीव नाही, त्याचे पात्र बिघडले काय नि सुधारले काय, कोणाला फरक पडतो?

२०१९ च्या एप्रिलमध्ये ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ लागला. आमच्याकडची पोरे तो पाहायला नाशिकला गेली, आणि परत आल्यावर त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे म्हणणे एकच होते: थॉरची वाट लावली. त्यांनी पाहिले होते ते असे. थॅनॉस या शत्रूकडून झालेल्या पराभवाला पाच वर्षे उलटली आहेत. विजेचा देव नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीत, पसारा पडलेल्या घरात बिअर पीत बसला आहे, व्हिडिओ गेम खेळतो आहे. पोट सुटले आहे, दाढीचे जंजाळ झाले आहे. थॅनॉसचे नाव निघाले की हसरा चेहरा क्षणात बदलतो आणि आवाज कापू लागतो. आकाशातून वीज उतरवत रणात येणारा तो हाच, हे पोरांच्या गळी उतरत नव्हते.

उतरायला हवे होते, असे माझे मत आहे. त्याच्या वाट्याला आलेले एकदा आठवून पाहू. ‘रॅग्नरॉक’ या आधीच्या चित्रपटात बाप गेला, बहीण वैरीण निघाली आणि ज्या असगार्डचा तो राजा व्हायचा, ते डोळ्यांदेखत नष्ट झाले. ‘इन्फिनिटी वॉर’च्या सुरुवातीलाच भाऊ लोकी त्याच्यासमोर गळा आवळून मारला गेला. शेवटी सूड घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने कुऱ्हाड थॅनॉसच्या छातीत घातली, डोक्यात नाही, आणि तेवढ्या चुकीने अर्धी सृष्टी धूळ झाली. पुढे त्याने थॅनॉसचे मुंडके उडवले, पण गेलेल्यांपैकी कोणीच परत आले नाही. थॉरचा सगळा मोठेपणा ‘मी माझ्या माणसांचे रक्षण करीन’ या एका शब्दावर उभा होता. तो शब्द इतक्या वेळा मोडल्यावर तो ताठ उभा राहिला असता, तर त्या शब्दाला त्याने कधी किंमतच दिली नव्हती असे झाले असते. मग तो न कोसळणेच त्याच्या स्वभावाशी विसंगत ठरले असते.

तरीही पोरांच्या रागात तथ्य होते, कारण चित्रपटाने त्या दुःखाची टर उडवली. सोबतचे वीर त्याच्या पोटावरून शेरे मारतात, भीतीने श्वास कोंडलेल्या थॉरला रॉकेट नावाचा सोबती थोबाडीत देतो, आणि प्रेक्षकाने हसावे अशीच सगळी मांडणी आहे. अपवाद एकाच ठिकाणी आहे. काळात मागे गेलेला थॉर मृत आईला भेटतो, तेही नेमके तिच्या मरणाच्या दिवशी. हा आजचा माझा मुलगा नव्हे, भविष्यातून आलेला, पोळलेला मुलगा आहे, हे ती बघताक्षणी ओळखते. त्याच्या पोटाकडे, दाढीकडे बोट दाखवून ती त्याला लाजवत नाही. अपयश सगळ्यांच्या वाट्याला येते असे सांगते. निघताना तो हात पसरतो आणि फक्त लायक हातातच येणारा तो हातोडा त्याच सुटलेल्या पोटाच्या थॉरकडे उडत येतो. चित्रपटाचे एक मात्र मानले पाहिजे: शेवटच्या लढाईआधी त्याला जादूने सडपातळ केले नाही. तो तसाच लढला. माझ्या दृष्टीने ती आई त्या पात्राशी प्रामाणिक राहिली, बाकीचे विनोद राहिले नाहीत. पोरांना थॉरचे रडणे लागले नव्हते, त्याच्यावरचे हसणे लागले होते, आणि दोष मात्र त्यांनी रडण्याला दिला.

म्हणून ‘नायक कोसळला, तेव्हा पात्राशी दगा झाला का?’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. तो ज्या गुणासाठी आपल्याला प्रिय आहे, त्याच गुणातून त्याचे कोसळणे आले का, हे आधी पाहायला हवे. शिवाय कथाकार त्या कोसळण्याजवळ थांबला की घाबरून पुढे पळाला, हेही पाहायला हवे. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) मध्ये सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो आणि गुडघ्यांवर येऊन किंकाळी फोडतो. ती किंकाळी मला खोटी वाटत नाही. आपल्या वंशातला उरलेला माणूस त्याने स्वतःच्या हाताने संपवलेला असतो. पण पुढच्याच दृश्यात तो एका लष्करी अधिकाऱ्याशी खेळीमेळीने बोलतो. किंकाळीची काही किंमतच मोजावी लागणार नसेल, तर ती फोडली कशाला? दगा झाला तो इथे.

‘पण सुपरहिरोचे असे कोसळणे आधीच्या दहा प्रसंगांशी जुळत नाही’ हा आक्षेप तरी उरतोच. या आक्षेपाला आपल्याकडे महाभारताइतके सणसणीत उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे गांडीव हातातून सुटते, अंग कापते, तोंडाला कोरड पडते. आता विराटपर्व आठवा. तिथे हाच अर्जुन, हेच गांडीव आणि समोर हेच भीष्म, द्रोण, कृप, कर्ण. तिथे तो एकटा होता, सोबतीला विराटाचा घाबरट राजपुत्र उत्तर. तरी त्याचा हात कापला नाही. ‘पात्रातील सुसंगती’ तपासणाऱ्याने इथे व्यासांना धारेवर धरायला हरकत नाही. विराटाच्या रणात एकट्याने सगळ्यांना पुरून उरलेला माणूस, सात अक्षौहिणी सेना पाठीशी आणि कृष्ण सारथी असताना गळून कसा जातो?

उत्तर त्या दोन रणांच्या फरकात आहे. विराटाच्या गायी सोडवताना अर्जुनाने भीष्म-द्रोणांच्या पायाशी बाण टाकून त्यांना आधी वंदन केले. शेवटी संमोहनास्त्राने कौरव वीरांना निजवले आणि राजकन्या उत्तरेच्या बाहुल्यांसाठी त्यांची वस्त्रे काढून आणवली. आजोबांना आणि गुरूंना हरवायचे होते, मारायचे नव्हते. कुरुक्षेत्रावर मारायचे आहे. माणूस तोच, धनुष्य तेच, पण त्याच्याकडून मागितले गेलेले काम निराळे. आणि व्यासांनी तुलनेसाठी उत्तरालाही तिथेच ठेवले आहे, हे विसरू नये. कौरवांची सेना दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळाला, तो जिवाच्या भीतीने. अर्जुन रथात बसून राहिला, तो माणसांच्या मायेने. हात दोघांचेही कापले, म्हणून दोघे सारखे ठरत नाहीत.

१२९० मध्ये नेवाशाला ज्ञानदेवांनी मराठीत गीता सांगितली, तेव्हा श्रोत्यांच्या मनात हीच शंका येणार हे त्यांनी ओळखले असावे. पहिल्याच अध्यायात त्यांनी भुंग्याचा दृष्टान्त दिला. वाळले लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. प्राण गेला तरी पाकळी कातरत नाही. अर्जुनाचे तसेच झाले आहे, असे ते सांगतात. शंकराशी झुंजलेल्या वीराचा उणेपणा त्यांना झाकावा लागत नाही. पुढे कृष्ण अर्जुनाची कानउघाडणी करतो, त्याचे म्हणणे खोडून काढतो, हे खरेच. पण सतरा अध्याय तो त्याच्याशी बोलत बसतो. कोसळलेल्या वीराजवळ कथेने किती थांबावे, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

याविरुद्धचा एक मुद्दा मात्र सहज बाजूला सारता येत नाही. नायक हा प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. घरात रोज मोडलेली माणसे पाहणाऱ्या पोराला पडद्यावर तरी न मोडणारा कोणीतरी हवा असतो. आमचा भाग द्राक्षाचा. छाटणीपासून काढणीपर्यंत जपलेला बाग एका गारपिटीत झोपतो, डोक्यावर कर्ज राहते, आणि त्या घरातला पोरगा संध्याकाळी मोबाइलवर सुपरहिरो बघतो. त्याला आधार हवा असतो, आणखी एक हताश बाप नको असतो. हे मी मान्य करतो. पण त्या पोराच्या बापाकडेही पाहावे. आपल्या देशात दर १० आत्महत्यांमध्ये सुमारे ७ पुरुषांच्या असतात. त्यामागची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा दोष मी चित्रपटांना देत नाही. तरी पुरुषाने कोणापुढे डोळे ओले करायचे नाहीत ही शिकवण आपण ज्या ज्या वाटांनी पोरांपर्यंत पोहोचवतो, त्यांत पडदा एक आहे. ज्या पोराने फक्त न मोडणारे नायक पाहिले, त्याने स्वतः मोडल्यावर कोणासारखे उठायचे? रामाच्या गोष्टीत त्याला निदान एवढे तरी मिळते, की राम रडला तेव्हा सुषेण शेजारी होता, त्याने रामाला धीर दिला, आणि मदत आणायला एक जण धावला.

‘प्रस्थापित रूप’ ज्याला म्हणतात, त्यावरही बोलायला हवे. आपण ज्याला नायकाचा मूळ स्वभाव समजतो, तो पुष्कळदा आपल्या सवयीने चढवलेला असतो. गडावर हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. वर्षानुवर्षे भगवतीच्या मूर्तीवर शेंदराचे लेप चढत गेले होते आणि आम्ही सगळे त्या शेंदरी रूपालाच देवीचे रूप मानून मोठे झालो. २०२२ मध्ये संवर्धनासाठी ते जाड थर काढले गेले, मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद राहिले, आणि त्या वर्षीच्या नवरात्रात पाषाणातले मूळ कोरीव स्वरूप लोकांसमोर आले. वर्षानुवर्षे येणारे कित्येक भाविक आधी बिचकले. देवी बदलली असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात बदलला होता तो फक्त लेप.

मराठी पडद्यावर आणि रंगभूमीवर हा लेप सर्वांत जाड कोणावर असेल, तर शिवाजी महाराजांवर आणि संभाजी महाराजांवर. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले आणि केवढा गहजब झाला! शेवटी ते दृश्य वगळण्यात आले. राजा नाचला तर प्रतिमेला तडा जातो, तर रडला तर काय होईल, हे निर्मात्यांना सांगावे लागत नाही. फेब्रुवारीत चित्रपट लागला तेव्हा मात्र वेगळेच पाहायला मिळाले. शेवटचा छळाचा प्रसंग पाहताना चित्रपटगृहांत माणसे हमसून हमसून रडत होती. पडद्यावर छळ सोसणारा राजा वाकत नव्हता आणि खुर्चीतल्या माणसाला अश्रू आवरत नव्हते. औरंगजेबाच्या कैदेत संभाजीराजे वाकले नाहीत हे इतिहासाने नोंदवलेले आहे. तिथे त्यांना रडवले असते तर तोच खरा दगा झाला असता. म्हणजे न रडणेही पात्राच्या मुळातून यावे लागते. कोसळणे दाखवले म्हणून कोणी आपोआप थोर कलावंत होत नाही.

पण जिथे इतिहासच ओल्या डोळ्यांची साक्ष देतो, तिथे आपण काय करतो? १२ मे १६६६. आग्र्याचा दरबार, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा सोहळा. शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले जाते, पुढे जोधपूरचा राजा जसवंतसिंग. इतरांना खिलती म्हणजे मानाची वस्त्रे मिळतात, यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. जयपूर दरबाराच्या दप्तरातली त्या काळची राजस्थानी पत्रे जदुनाथ सरकारांनी उजेडात आणली. त्यांत हा प्रसंग जवळून टिपला आहे: महाराज खिन्न झाले, संतापले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याने काय झाले म्हणून विचारले, आणि मग तो प्रसिद्ध स्फोट झाला. बादशहाच्या तख्ताकडे पाठ फिरवून महाराज बाजूला जाऊन बसले, खिलत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, मारायचे तर मारा म्हणाले.

भरल्या डोळ्यांनंतर लगेच हा बाणेदारपणा आला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ते पाणी दुबळेपणाचे नव्हते. ज्या स्वाभिमानातून राज्य उभे राहिले, त्याच स्वाभिमानावर पाय पडला म्हणून ते आले होते. आणि तीनच महिन्यांनी, १७ ऑगस्टला, तोच माणूस औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटला. पुढे दक्षिणेत पराभवानंतर सावत्रभाऊ व्यंकोजी राजे उदास होऊन कारभारातून लक्ष काढून बसले, तेव्हा महाराजांनी त्यांना पत्र लिहून वैराग्य सोडून उद्योगाला लागण्याची समजूत घातली. खचलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे त्यांना माहीत होते. आमच्या चित्रपटांतल्या आग्र्याच्या दरबारात मात्र मला गर्जनाच ऐकू आली आहे. रामसिंगाला दिसलेले ते डोळे कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

हे मराठीत जमतच नाही असेही नाही. नाशिकला प्राध्यापकी करणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आणले. राज्य जिंकलेला पण घरापुढे हतबल झालेला बाप मास्टर दत्ताराम उभा करत, आणि काशीनाथ घाणेकरांचा संभाजी त्याच्यासमोर धगधगत असे. त्या शिवाजीला मराठी प्रेक्षकाने नाकारले नाही, डोक्यावर घेतले. साठ वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला जे पेलले, ते आजच्या प्रेक्षकाला पेलणार नाही असे गृहीत धरणे हा त्याचा अपमान आहे.

पुढच्या वेळी जो कोणी आग्र्याचा दरबार चित्रित करील, त्याला माझी एवढीच विनंती आहे: ती राजस्थानी पत्रे वाचा, गर्जनेआधीचा तो एक क्षण कापू नका, आणि रामसिंगाला तो प्रश्न विचारू द्या.